बाईचा उपाशी फोटो

म्हाताऱ्या माणसांचे फोटो काढणाऱ्यांची एक जमात आहे. त्यांना म्हातारं माणूस नको असतं, त्याच्या सुरकुत्या हव्या असतात. बाजारात वांगी दाबून पाहावीत तसे हे लोक चेहरे पाहत फिरतात. आर्णीच्या बाजारात मिरच्या विकायला बसलेली एखादी आजी दिसली की एकमेकांना कोपरानं ढोसतात, "काय चेहरा आहे!" मिरच्या कोणी घेत नाही. मी या जमातीत सहा वर्षं होतो. नुसता होतो असंही नाही, माझा तिथे मान होता. मीटिंगला माझ्यासाठी खुर्ची राखून ठेवत.

त्याआधी छत्तीस वर्षं मी मोजणी खात्यात काढली. जिल्हाभर शेतं मोजली. भाऊ भावाच्या अंगावर कुऱ्हाड घेऊन धावलेला पाहिला, पाकीट पुढे करणारे पाहिले, पण बांधावरचा दगड कोणाच्या सांगण्यावरून हातभरही हलवला नाही. हे मी पूर्वी अभिमानानं सांगायचो. आता सांगायचं कारण वेगळं आहे. जो माणूस दगड हलवत नव्हता, त्यानं रिटायर झाल्यावर काय हलवलं ते लिहून ठेवायचं आहे.

रिटायर झालेल्या माणसाला छंद लागतो तो बहुधा रिकामपणातून, आणि त्याला तो कला समजतो. मी सेकंडहँड कॅमेरा घेतला. मोबाइलवर शिकवणारे पुष्कळ निघाले होते, घरच्या घरी स्टुडिओ, फक्त एका दिव्यात नाट्यमय फोटो. सगळे सारखेच बोलायचे आणि सगळ्यांच्या पाठीमागे काळा पडदा असायचा. मीही आमच्या मधल्या खोलीत पडद्याचं काळं कापड टांगलं. खिडकीला कूलरचं खोकं उलगडून ठोकलं. लग्नाच्या मांडवात लावतात तसला फोकस आणून एका लोखंडी स्टँडवर बसवला आणि उजेड फाकू नये म्हणून त्याच्या तोंडाला आतून काळा रंग दिलेलं खोकं बांधलं. दुसऱ्या बाजूला फ्रिजसोबत आलेला पांढरा थर्माकोल. दिव्याचा उजेड थर्माकोलवर आपटून चेहऱ्याच्या अंधाऱ्या बाजूवर परत यायचा.

या स्टुडिओतली सगळी विद्या त्या थर्माकोलात होती. तो जवळ आणला की माणूस सुखी दिसायचा. हातभर लांब नेला की विचारात पडलेला. काढूनच टाकला की उद्ध्वस्त. मग कॉम्प्युटरवर एक काडी सरकवायची, की प्रत्येक सुरकुती नांगरटीसारखी उकलून येते. एवढंच. यात काही साधना वगैरे नाही. आमच्या गल्लीत तीन मजली घर असलेले, रोज सकाळी जिलेबी खाणारे एक निवृत्त बँक मॅनेजर होते, त्यांना मी दहा मिनिटांत जगानं टाकलेला माणूस करून दाखवलं. त्यांना तो फोटो इतका आवडला की दिवाणखान्यात लावला. पुरुषांना दुःखी दिसायला फार आवडतं, फक्त दुःख फ्रेममध्ये पाहिजे.

महिन्यातून एकदा यवतमाळला आमच्या मंडळाची मीटिंग असायची. तिथे एक ज्येष्ठ गृहस्थ होते, स्पर्धांचे परीक्षक. गळ्यात उन्हाळ्यातही मफलर. कुठलाही फोटो समोर आला की डोळे मिटून म्हणायचे, "वेदना कुठे आहे? मला वेदना दिसत नाही." त्यांना स्वतःच्या गुडघ्यापलीकडे कोणती वेदना माहीत होती मला ठाऊक नाही. पण आम्ही पंधरावीस कारकून, मास्तर, दुकानदार माना डोलवायचो आणि पुढच्या महिन्यात वेदना घेऊन यायचो. मी सगळ्यात जास्त आणायचो.

गेल्याच्या आदल्या वर्षी, कापसाची पहिली वेचणी घरात येऊन पडली होती त्या सुमाराला, माझी मोठी बहीण आमच्याकडे आर्णीला आली. आम्ही भावंडं तिला बाई म्हणायचो. आर्णीपासून अर्ध्या तासावर तिचं गाव. तिचे यजमान जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. मुलाच्या बरोबरीनं तिनंच शेती सांभाळली होती, कापूस, तूर, सोयाबीन, सगळं. आता ऐंशीला टेकली होती, तरी तुरीत किती शेंग धरली ते शेताच्या धुऱ्यावर उभं राहून सांगायची. घरात मुलगा, सून आणि लग्नाला आलेला नातू.

ती आली ती इस्त्रीचं लुगडं नेसून. सुनेनं वेणी घालून दिली होती आणि आमच्यासाठी मुगाच्या लाडवांचा डबा दिला होता. बसल्याबसल्या म्हणाली, "हे पाय बाप्पा, तुह्या त्या अंधाऱ्या खोलीत सगळ्या गावाचे फोटो काढतं म्हणे. माया बी एक काढ."

"कशासाठी?"

"भितीवर लावाचा. मेल्यावर. मांगं शेजारची बुढी मेली तं पोट्ट्यायनं आधारकार्डावरचा फोटो मोठा करून लावला. बिचारी कोंबड्या चोरताना सापडल्यावानी दिसते. तसं नको मले. सरळ काढजो. दोनी कान दिसले पाह्यजे, चष्मा पाह्यजे आन् दात पाह्यजे. दाताले पैसे पडले हायेत."

दात म्हणजे कवळी. यवतमाळला चार खेपा घालून सुनेनं तिला बसवून आणली होती. कोणाला हसायचं कारण मिळालं नाही तर बाई स्वतः कारण काढायची, दात दिसावेत म्हणून.

माझ्या बायकोनं ज्वारीची भाकर आणि आंबाडीची भाजी केली होती. बाईनं दोन भाकरी खाल्ल्या, वर भात घेतला आणि म्हणाली, "आमच्या सुनीच्या हातची आंबाडी याच्याहून बरी असते." बायको म्हणाली, "मंग जा ना बाई सुनीपाशी, इथं कायले आल्या?" दोघी बराच वेळ हसत होत्या. हे मी मुद्दाम लिहितो आहे. फोटोतली बाई त्या दिवशी काय जेवली होती ते मला पक्कं माहीत आहे.

मधल्या खोलीत तिला स्टुलावर बसवलं. उजेड किती पडतो ते पाहायला एक फोटो घेतला. असे फोटो नंतर पुसून टाकायचे असतात. थर्माकोल तिच्या अगदी जवळ होता, त्याची पांढरी कड आणि स्टँडचा एक पाय फ्रेममध्ये आले होते. बायको दारातून काहीतरी बोलली आणि बाई हसली. चष्मा, दात, दोन्ही कान. तिला हवा तो फोटो त्या क्षणी निघाला होता. मी त्याच्याकडे नीट पाहिलंही नाही. मंडळाची वार्षिक स्पर्धा जवळ आली होती.

मी म्हणालो, "बाई, चष्म्यात दिवा चमकतो. काढ."

तिनं काढला. मग थर्माकोल लांब नेला. मग काढून भिंतीला टेकवला. मग बायकोची एक विटलेली शाल होती ती तिच्या डोक्यावरून घेतली, इस्त्रीचं लुगडं दिसू नये म्हणून. तरी तोंड भरलेलंच दिसत होतं. मी म्हणालो, "दात काढ जरा."

"दात? दात तं फोटोत पाह्यजे ना रे?"

"तुझा फोटो नंतर काढतो. हा माझ्या कामाचा आहे."

बायको दारातून म्हणाली, "अहो, बाईचे दात कायले काढून राह्यले तुमी?" मी तिला चहा ठेवायला पाठवलं.

बाईनं दात काढून माझ्या हातात दिले. मी ते रुमालात गुंडाळून खिशात ठेवले. ओठ आत गेले, गाल बसले, आणि माझी मोठी बहीण दिव्याच्या उजेडात कोणी वेगळीच दिसायला लागली. तिच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. उजेडाकडे पाहिलं की त्या डोळ्यातून पाणी येतं हे मला ठाऊक होतं. मी म्हणालो, "दिव्याकडे पाह. पापणी नको हलवू." ती पाहत राहिली. पाणी आलं. मी तीन फोटो काढले.

मग तिनं हात पुढे केला, तळवा वर, बोटं जरा वाकलेली. बोळक्या तोंडानं म्हणाली, "दे ना बाप्पा माये दात."

तो चौथा फोटो. त्या फोटोत जो रिकामा तळहात आहे, तो खिशातले दात परत मागणारा तळहात आहे. दुसरं काहीही नाही.

चहा झाल्यावर ती म्हणाली, "आता माया काढ." मी म्हणालो की दिवा फार तापला आहे, पुढच्या खेपेला काढू. तो एलईडी होता, तासभर चालला तरी फारसा तापत नव्हता. मला तो फोटो कॉम्प्युटरवर पाहायची घाई झाली होती.

स्पर्धेच्या अर्जावर दोन रकाने होते, शीर्षक आणि एका ओळीत माहिती. शीर्षकात मी लिहिलं, "उपेक्षा". माहितीत लिहिलं, "भरलं घर असूनही दोन घासांसाठी पसरलेला हात." कोणी सांगितलं नव्हतं. कोणी सुचवलं नव्हतं. छत्तीस वर्षं ज्या अक्षरात मोजणीचे अहवाल लिहिले, त्याच अक्षरात मी हे लिहिलं.

पहिला नंबर आला. मफलरवाल्या गृहस्थांनी डोळे मिटले नाहीत, उघडले. म्हणाले, "हा तळहात पाहा! हा तळहात समाजाला प्रश्न विचारतो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उभा राहून हात जोडले. तळहात काय विचारत होता ते मला एकट्याला माहीत होतं. ते सांगितलं असतं तर सभागृहात हशा पिकला असता आणि बक्षिसाची शाल मफलरवाल्यांकडेच राहिली असती. मी शाल घेतली.

फोटो एका वर्तमानपत्रात ओळीसकट छापून आला. माझं नाव खाली होतं. बाईचं नव्हतं, पण गावाला नावाची गरज नसते. संध्याकाळपर्यंत तो प्रत्येक मोबाइलवर होता. आमच्याकडच्या गावांत फोटो म्हणजे पुरावा. सातबाऱ्याला जोडतात, रेशनकार्डाला जोडतात, पिकाच्या नुकसानीला शेतात उभं राहून काढतात. फोटो दिव्यानं आणि खोक्यानं घडवता येतो हे मंडळातल्या रिकामटेकड्यांना माहीत, गावाला कसं माहीत असणार? सख्ख्या भावानं काढलेला फोटो, सख्ख्या भावानं लिहिलेली ओळ. गावानं जे वाचलं ते खरं मानलं, आणि दोष कोणाच्या माथी मारायचा ते तर ठरलेलंच असतं. मुलाला कोणी काही म्हटलं नाही. म्हातारी उपाशी म्हणजे सून वाईट.

बाईनं फोटो पाहिला आणि मला फोन केला. रागावली नाही, हे अजून बोचतं. म्हणाली, "काहून रे, मी एवढी भिकारीन दिसतो? बरं जाऊ दे. पन ते खाली काय लिवलं? आमच्या सुनीले बाया बोलून राह्यल्या. एकडाव येऊन सांगून जाय, का तू दात काढाले लावले म्हून."

मी म्हणालो, "येतो, प्रदर्शन संपलं की." मग म्हणालो संक्रांतीनंतर. मग तूर निघाल्यावर. मग लग्नसराईत कोणाला वेळ आहे? फोटो दुसऱ्या एका ठिकाणी पाठवला होता, तिथला निकाल यायचा होता. खरं कारण हेच. बाईनं चार वेळा आठवण केली. पाचव्यांदा केली नाही.

त्या वर्षात काय झालं ते मला नंतर कळलं, थोडं थोडं कानावर येत होतं तेव्हा मी कान फिरवत होतो. सुनेनं बचत गटाच्या मीटिंगला जाणं सोडलं. नातवासाठी पुसदकडचं एक स्थळ आलं होतं. शेती करणाऱ्या मुलांना आजकाल मुली कशा मिळतात ते आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. पाच ठिकाणांहून नकार आल्यावर हे एक स्थळ जमत आलं होतं. मुलीच्या आत्यानं मोबाइलवर तो फोटो दाखवला. निरोप आला की ज्या घरात म्हातारीला घास मिळत नाही तिथे आम्ही पोरगी देत नाही.

पुढच्या पावसाळ्यात बाई गेली. दोन दिवसांचा ताप, तिसऱ्या दिवशी सकाळी संपलं. तेरवीला गेलो तेव्हा भिंतीवर तिचा फोटो लावलेला होता, आधारकार्डावरचा मोठा करून. कोंबड्या चोरताना सापडल्यासारखाच. मी पंगतीत बसलो होतो. जेवण चांगलं होतं, वरणात तूप होतं. शेजारच्या घरातली सुनेची चुलत जाऊ वाढता वाढता दुसरीला मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, "जितेपनी हात पसरवाले लावला, आन् आता पाय कसं तूप वाढून राह्यले."

सून चार पावलांवर भाताचं भांडं घेऊन उभी होती. तिनं ऐकलं. मीही ऐकलं. उठून एक वाक्य बोलायचं होतं. मी वरण मागून घेतलं.

त्यानंतर माझा स्टुडिओ बंद झाला. कोणी वैराग्य समजू नये. त्या स्टुलाकडे बघवत नव्हतं इतकंच. दिवाळीच्या आत एकदा कॉम्प्युटरवर जुनं पुसत बसलो होतो, तेव्हा तो पहिला फोटो सापडला, उजेड तपासायला घेतलेला. बाई हसते आहे, दात दिसताहेत, शेजारी थर्माकोलची कड. पुसायचा राहून गेला होता. बायको मागे येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "हा होता तुमच्यापाशी? आन् तिले आधारकार्डावर टांगलं?"

मी तो छापून फ्रेम करून घेतला आणि बहिणीच्या गावी गेलो. सून सोप्यात तूर निवडत बसली होती. मी फ्रेम तिच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. दात, शाल, डोळा, अर्जावरची ओळ. तिनं मधे एकदाही सुपातला हात थांबवला नाही. संपल्यावर म्हणाली, "मामाजी, हे मले सारं माहीत हाय. आत्याबाईनं त्याच दिवशी सांगतलं होतं. हसत हसत सांगतलं होतं. मी वाट पाहून राह्यली होती, का तुमी कवा सांगता."

"चुकलं माझं."

"चुकलं तं हायेच. पन मले सांगून काय फायदा? मी तं घरचीच हावो."

मी म्हणालो, "हा फोटो गावात दाखव. लोकांना कळेल."

तेव्हा ती हसली. बरं हसणं नव्हतं ते. "लोकं म्हनतीन, हा जुना फोटो हाय, सुनीनं उपाशी ठेवाच्या आधीचा. तुमी मोजणीवाले ना? दुसऱ्याच्या वावरात खोटा दगड रोवला असता, तं घरी येऊन गुपचूप माफी मांगून भागलं असतं काय? दगड उपटा लागला असता, पंचाईसमोर."

मग ती म्हणाली, "संक्रांत झाली का पाहुने येनार हायेत. पोट्ट्यासाठी. हळदीकुंकवाच्या दिवशी तुमची सारी दुकानदारी घेऊन या. दिवा, खोकं, काळं फडकं, सारं. जसं आत्याबाईले बसोलं तसं इथं कोनाले तरी बसवा. सगळ्या बायांच्या पुढं."

हळदीकुंकवाला कॅमेरा आणि मांडवातला फोकस घेऊन जाणारा मी पहिलाच म्हातारा असेन. दुपारी चार वाजता त्यांच्या आतल्या खोलीत काळं कापड टांगलं, दारं लावली. बायका येत होत्या, मला पाहून पदर सावरत होत्या, एकमेकींना खुणा करत होत्या. कोणीतरी म्हणाली, "काय वं, औंदा वाणात फोटो देऊन राह्यली काय?" चुलत जाऊ पैठणीत आली होती, नाकात नथ, केसांत गजरा. तिला पाहून सुनेनं सरळ तिचा हात धरला.

"या जाऊबाई, तुमीच बसा."

"मी कायले?"

"फोटो काढाले. मामाजीचा पहिला नंबर येते."

तिला नाही म्हणता येईना. बसली. मी कामाला लागलो. नथ उतरवायला सांगितली, गजरा काढायला लावला. घरातली पेरणीच्या दिवसांतली एक जुनी चादर डोक्यावरून दिली. थर्माकोल भिंतीला टेकवला. दिवा एका बाजूनं वर नेला. "दिव्याकडे पाहा, पापणी हलवू नका." इतकी वर्षं मी हे खालच्या आवाजात, पुजाऱ्यासारखं म्हणत आलो होतो. त्या दिवशी माझं मलाच ते गारुड्यासारखं वाटलं.

दिव्यामागच्या अंधारातून सून म्हणाली, "जाऊबाई, तिळगूळ घ्या."

सवयीनं तिचा हात पुढे झाला. तळवा वर, बोटं जरा वाकलेली. मी बटण दाबलं.

कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर तो फोटो मी बायकांना दाखवला. मग एक म्हातारी म्हणाली, "अवं माय, हे तं पार भिकेले लागली." आणि खोलीभर हशा फुटला. चुलत जाऊ पदरानं डोळे पुसत ओरडली, "कोनाचा हाय हा फोटो? म्या सकाळपासून तिळाच्या चार पोळ्या खाल्ल्या!" कोणी म्हणालं, "तुह्या सुनीले सांगतो, सासूले जेऊ घाल म्हून." कोणी म्हणालं, "हाव, पेपरात द्या." हसणं वाढत गेलं आणि मग एकदम ओसरलं, कारण त्यांच्यातल्या एकीच्या लक्षात आलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. "मंग ते म्हातारीचं..."

सून म्हणाली, "सांगा मामाजी."

मी सांगितलं. उभं राहून सांगितलं. दात माझ्या खिशात होते, बाई ते मागत होती. ती दोन भाकरी जेवून बसली होती. सुनेच्या हातची आंबाडी आमच्यापेक्षा चांगली असं तिथे बसूनच म्हणाली होती. ओळ मी लिहिली, शाल मी घेतली, आणि तेरवीच्या पंगतीत सगळं ऐकून मी वरण मागितलं. शेवटचं मी सांगत असताना चुलत जावेनं मान खाली घातली. माझ्यापेक्षा तिला जास्त लाज वाटली असावी.

कोणी मला क्षमा वगैरे केली नाही. बायका कुजबुजत उठल्या. एकजण जाता जाता म्हणाली, "एवढा शिकेल माणूस, आन् दात खिशात ठेवते." सुनेनं सगळ्यांना वाण दिलं. मला तिळगूळ दिला तो काही न बोलता.

सामान बांधताना मी विचारलं, "तुझा एक फोटो काढू का? साधा. बाहेर उजेडात."

"नको. तुमचा हात भरवशाचा नाही."

आधारकार्डाचा फोटो उतरवून तिनं माझी फ्रेम भिंतीवर लावायला घेतली होती. मी म्हणालो, "थांब, याची ती पांढरी कड आणि स्टँडचा पाय कापून आणतो. नीट दिसेल."

"काही कापू नका," ती म्हणाली. "लोकाले दिसू द्या. आन् एक काम करा. बोललेलं लोकं इसरतात. लिहून द्या."

मंडळाला मी पत्र लिहिलं की त्या फोटोची ओळ खोटी होती, बक्षीस परत घ्या. मफलरवाल्यांचा फोन आला. म्हणाले, "अहो, कलेत असं खरं-खोटं नसतं. त्यामुळे चित्राची ताकद कमी होत नाही." मी त्यांना सांगितलं की ताकद कमी झाली नाही हेच तर माझं दुखणं आहे. त्यांना कळलं नाही. शाल मी त्यांच्या दारात ठेवून आलो.

संक्रांतीनंतर पाहुणे आले, तेव्हा सुनेनं मला निरोप पाठवून बोलावून घेतलं. दोन गाड्या भरून मंडळी आली होती. मुलीचा बाप, काका, आणि एक आजी. त्यांच्याही मोबाइलवर तो जुना फोटो पोचलेला असणार, कारण आल्यापासून बाप घराकडे कमी आणि लोकांच्या तोंडाकडे जास्त पाहत होता. पोह्यांच्या बश्या फिरल्या. आजीची नजर भिंतीवर गेली. हार घातलेला होता, पण सुनेनं तो असा घातला होता की कडेची पांढरी पट्टी झाकली जाऊ नये.

आजी म्हणाली, "फोटो झकास हाय. पन बाजूले ते पांढरं काय व्हय?"

सुनेनं माझ्याकडे बोट केलं. "ते आमच्या मामाजीले इचारा."

मी बशी खाली ठेवली आणि पहिल्यापासून सांगितलं. नातू मान खाली घालून बसला होता. मुलीच्या बापानं सगळं ऐकून घेतलं, थोडा वेळ फोटोकडे पाहिलं आणि विचारलं, "म्हणजे म्हातारी जेवत होती म्हणता?"

"माझ्यापेक्षा जास्त," मी म्हणालो.

आजी हसली. तिला दात नव्हते. "आन् मंग दात दिले का नाही तिले वापस?"

"दिले," मी म्हणालो. "चहाच्या आधी."

बापानं सुनेकडे वळून पोहे आणखी मागितले. त्यांचा होकार अजून आलेला नाही. येईल किंवा येणार नाही. पण नाही म्हणालेच तर ते माझ्या फोटोमुळे नसावं, एवढ्यासाठी हे सगळं मी सुनेनं सांगितल्याप्रमाणे लिहून, खाली सही करून, तिच्या हातात देतो आहे.